बिल्डिंगचं वजन किती? स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये येऊ पाहणाऱ्यांसाठी

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाची पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ईटॅब्स शिकू की स्टॅड?" मी पुण्यात आरसीसी कन्सल्टन्सीत डिझाइन करते आणि माझं उत्तर सहसा कुणाला आवडत नाही. दोन्ही डिझाइनची सॉफ्टवेअर आहेत, कुठलंही शिका, दोन महिन्यांत हात बसतो. पण त्यासाठी क्लासवाल्याला हजारो रुपये मोजू नका. नोकरीला लागलात की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी शेजारी खुर्ची ओढून शिकवतंच, कारण त्याला स्वतःच्या डोक्यावरचं काम उतरवायचं असतं. सर्टिफिकेट बघून कुणी नोकरी देत नाही. इंटरव्ह्यूत कागद पुढे सरकवतात आणि सलग तीन गाळ्यांच्या बीमचा बेंडिंग मोमेंट डायग्राम, म्हणजे बीम कुठे किती वाकायला बघतो त्याचा आलेख, काढायला सांगतात. स्टील कुठे वर येणार, कुठे खाली, हे पेन्सिलने दाखवता आलं की निम्मं काम झालं.

कॉलेजात स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिसला केटी लागली असेल तर त्याचंही एवढं मनाला लावून घेऊ नका. मलाही लागली होती. स्टिफनेस मॅट्रिक्स हाताने सोडवायची वेळ ऑफिसात येत नाही. अडतं ते भाराच्या वाटेशी: स्लॅबवरचं वजन कुठल्या बीमवर, तिथून कुठल्या कॉलमवर आणि शेवटी जमिनीत कसं जातं.

कोड मात्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आयएस ४५६ (काँक्रीट), ८७५ (भार), १८९३ (भूकंप) आणि १३९२० (भूकंपासाठी स्टीलची मांडणी) या चारांवर आपल्याकडच्या बहुतेक इमारती उभ्या राहतात. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) पोर्टलवर नोंदणी केली की ते मोफत मिळतात, त्यामुळे सिनियरकडून आलेल्या, कुणाच्या तरी पिवळ्या हायलायटरच्या खुणा असलेल्या जुन्या पीडीएफवर विसंबायचं कारण नाही. जुन्या आवृत्तीतलं कलम पाठ करून वाद घालणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता ज्या खड्ड्यात मी पडले त्याबद्दल. हे लांबणार आहे, पण चालवून घ्या. बाकी सगळं कुणीही सांगेल, याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं.

प्रत्येक ऑफिसात एक 'मास्टर फाइल' असते. नवं काम आलं की तीच कॉपी करायची. मटेरियल, लोड पॅटर्न (एकेका प्रकारच्या भाराची नोंद), शंभरेक कॉम्बिनेशन (ते भार एकत्र करायच्या जोड्या), सगळं तयार असतं. ग्रिड बदला, कॉलम हलवा, रन करा. नव्या माणसाला हे वरदान वाटतं आणि सिनियरही कौतुकाने म्हणतात, "दोन दिवसांत मॉडेल उभं केलंस!" आमच्याकडच्या फाइलमध्ये भिंतींच्या वजनासाठी एकच पॅटर्न होता. माझ्या कामात बाहेरून विटांच्या भिंती होत्या, आत ब्लॉकच्या. म्हणून मी नीटनेटकेपणाने दोन नवे पॅटर्न केले आणि जुना रिकामा ठेवला. दोन्ही नवे पॅटर्न कॉम्बिनेशनमध्ये घातले. मॉडेल चाललं, एरर नाही, वॉर्निंग नाही.

फाइल चुकीची नव्हती, हे लक्षात घ्या. तिच्या मूळ कामासाठी ती अगदी बरोबर होती. पण भूकंपाचा भार काढताना सॉफ्टवेअर इमारतीचं वजन कॉम्बिनेशनमधून घेत नाही. ते 'मास सोर्स' नावाच्या वेगळ्या खिडकीतून घेतं आणि तिथे अजून तो जुना, रिकामा पॅटर्नच बसलेला होता. म्हणजे माझ्या इमारतीच्या भिंती कॉलमवर उभ्या होत्या, पण भूकंपाच्या हिशेबात नव्हत्याच.

आकडे घालून बघू. समजा पार्किंगवर सात मजले, म्हणजे आठ स्लॅब, प्रत्येकी ३०० चौरस मीटर. स्लॅब, बीम, कॉलम, फरशी, भिंती आणि लाइव्ह लोडचा (माणसं-सामानाच्या वजनाचा) कोड सांगतो तो पाव हिस्सा धरून चौरस मीटरला साधारण ११ किलोन्यूटन. म्हणजे एकूण २६,४०० किलोन्यूटन. भूकंपाच्या नकाशात पुणे झोन ३ मध्ये, म्हणजे आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे झेड (झोनचा गुणांक) ०.१६. डक्टाइल, म्हणजे न तुटता वाकू शकणाऱ्या, फ्रेमला आर (बळ कमी करणारा भाजक) ५, महत्त्व गुणांक १. कोडमधल्या स्पेक्ट्रमच्या आलेखाच्या सपाट भागावर २.५ धरले की गुणांक येतो (०.१६ ÷ २) × २.५ ÷ ५ = ०.०४, म्हणजे वजनाच्या ४ टक्के. बेस शिअर, म्हणजे इमारतीच्या पायाशी येणारं भूकंपाचं आडवं बळ, १,०५६ किलोन्यूटन. आता भिंतींचे चौरस मीटरमागचे ३ किलोन्यूटन गळाले असं धरा. वजन उरतं १९,२००, बेस शिअर ७६८. भूकंपाचं बळ चतुर्थांशाहून जास्त कमी झालं आणि स्क्रीनवर सगळे कॉलम हिरवे, म्हणजे पास.

यातली खरी मेख पुढे आहे. मी हाताने पडताळणी केली नव्हती असं नाही. मधल्या कॉलमच्या वाट्याला २० चौरस मीटर, चौरस मीटरला १२ किलोन्यूटन (इथे लाइव्ह लोड पाव हिस्स्याहून जास्त धरतात), आठ स्लॅब, म्हणजे १,९२० किलोन्यूटन, साधारण १९५ टन. मॉडेलमधली रिअ‍ॅक्शन जवळपास तेवढीच होती. असणारच, कारण उभ्या भारात भिंती होत्या. मग सॉफ्टवेअरने इमारत हलवून काढलेला, म्हणजे डायनॅमिकचा, बेस शिअर कोडच्या सूत्राने येणाऱ्या बेस शिअरशी जुळवून घेतात, ते स्केलिंगही केलं. तेही छान जुळलं, कारण दोन्हीकडे वजन तेच, गळालेलं. दोन पडताळण्या पास झाल्यावर माणूस तिसरी करत नाही.

ड्रॉइंग साईटवर जाण्याआधी प्रूफ चेकिंगला, म्हणजे डिझाइन पुन्हा तपासायला, बाहेरचे एक सर होते. त्यांनी माझं मॉडेल उघडलंच नाही. प्लॅनवर बोट ठेवून विचारलं, "बिल्डिंगचं वजन किती?" मी टेबल शोधायला लागले. त्यांनी तोवर पाकिटाच्या मागे गुणाकार करून ठेवला होता. दोन आकडे शेजारी शेजारी आले आणि पुढचं कुणी बोलायची गरज उरली नाही. पुढचे दिवस कॉलमचं स्टील नव्याने काढण्यात गेले. बिल्डरला उशिराचं कारण साहेबांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही, आणि तो विषय आजही माझ्यासमोर निघाला तर मी चहा आणायला उठते.

तर नियम असा करा: मॉडेल रन करण्याआधी इमारतीचं वजन कागदावर लिहा, वर तारीख टाका. रन झाल्यावर मास सोर्सचं वजन त्याच्या शेजारी लिहा. १० टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जा. नसेल तर स्टील डिझाइनचं बटण दाबूसुद्धा नका. उलट बाजूची गडबडही होते. मास सोर्समध्ये मेंबरचं (बीम, कॉलम वगैरेंचं) स्वतःचं वजन टिक केलेलं असतं आणि डेड लोडचा पॅटर्नही घातलेला असतो, मग तेच वजन दोनदा मोजलं जातं. ती चूक मात्र बिल्डरच पकडतो, कारण स्टील वाढतं.

वजनाचं एवढं काय, असं वाटत असेल तर किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात घरं कोसळली, ती बहुतांश दगड-मातीच्या जाडजूड भिंतींची, वर मातीचं जड माळवद. जितकं वजन जास्त तितकं भूकंपाचं बळ जास्त, आणि भिंतींना एकमेकींशी बांधणारं काही नाही. तो भाग तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. २००२ च्या सुधारणेत झोन १ काढूनच टाकला. आपल्याकडे कोयना १९६७ मध्ये हादरलंच होतं, तरी "महाराष्ट्रात कुठे भूकंप येतो" म्हणणारे क्लायंट अजून भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नका, गुणांक कमी मात्र करू नका.

आता साईट. पहिल्या वर्षात साईटवर न पाठवणारं ऑफिस असेल तर स्वतःहून जा, शनिवारी जा. मी कॉलमच्या उभ्या बारांना वेढणाऱ्या रिंगांचं महत्त्व पुस्तकात शिकले नाही, सेंटरिंगवर उभी राहून शिकले. ड्रॉइंगमध्ये आपण रिंगेचा हुक १३५ अंशांत दाखवतो, आणि पुढे बारच्या व्यासाच्या सहापट, पण किमान ६५ मिलिमीटर, टोक आत वळवायला सांगतो. फिटर सरळ काटकोनात वाकवून मोकळा होतो. का म्हणून विचारलं तर एकजण म्हणाला, "मॅडम, तुमचा हुक वाकवला तर रिंग कॉलमात जातच नाही." त्याचं खरं होतं. आम्ही कोपऱ्यात इतके जाड बार कोंबले होते की हुकाला जागाच नव्हती. पण काटकोनातला हुक हादऱ्यात कव्हर, म्हणजे स्टीलवरचा काँक्रीटचा थर, उडालं की उघडतो, आणि रिंग उघडली की कॉलमचे उभे बार बाहेर फुगतात. शेवटी त्याच्यासमोर बसून बारचा व्यास आणि संख्या बदलली. तेव्हापासून कॉलमचं डिटेल काढताना आधी विचार करते की हे हाताने बांधता येईल का. गॅलरीचंही तसंच. कँटिलिव्हरचं, म्हणजे एकाच बाजूने आधार असलेल्या स्लॅबचं, वरचं स्टील काँक्रीट भरताना मजुरांच्या पायाखाली दबून खाली जातं. खाली ते वर धरणाऱ्या स्टीलच्या घोड्या आहेत का ते स्लॅब भरण्याआधी बघा, नंतर बघून उपयोग नाही.

गुरू कोणाला करायचं? माझं मत थोडं खवचट आहे. ऑफिसातल्या सगळ्यात मोठ्या साहेबांच्या मागे लागू नका, त्यांना वेळ नसतो. वीस वर्षं डिटेलिंग करणारा ड्राफ्ट्समन पकडा. डिप्लोमा झालेला असेल, इंग्रजी बेताचं असेल, पण लॅप (दोन बारांचा जोड) कुठे द्यायचा आणि कुठे नाही हे तो झोपेत सांगेल. "आपल्याकडे नेहमी असंच करतात" एवढंच उत्तर देणाऱ्या सिनियरपासून मात्र लांब राहा. वारसाहक्काने आलेल्या एक्सेल शीटबद्दलही तेच. प्रत्येक सूत्राचा सेल उघडून बघितल्याशिवाय ती वापरायची नाही.

एम.टेक. करावं का? गेटचा स्कोअर चांगला असेल आणि आयआयटी, व्हीजेटीआय, सीओईपी, सांगलीचं वालचंद असं काही मिळत असेल तर जरूर. डायनॅमिक्स नीट कळायला ती दोन वर्षं लागतात. कुठलंही कॉलेज धरून नुसती डिग्री जोडायची असेल तर त्यापेक्षा चांगल्या ऑफिसात दोन वर्षं घासा.

पैशांचं खरं सांगते. सुरुवातीचा पगार बघून रडू येतं, आयटीत गेलेल्या मित्राशी तुलना केली तर आणखीच. कन्सल्टंट एकमेकांच्या फी पाडतात आणि बिल्डर पहिल्याच मीटिंगला विचारतो, "स्क्वेअर फुटाला स्टील किती किलो?" तो आकडा ऐकून डिझाइन कापायला सांगणारं ऑफिस असेल तर नोकरी बदला, दुसरं काम शोधतानाचे दोन महिने निघतात. काम मात्र आटणारं नाही. मुंबईत पुनर्विकास चालू आहे, मेट्रो आणि पूल आहेत. जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटचं आणि दुरुस्तीचं क्षेत्र तर तरुण पोरं दुर्लक्षित ठेवतात याचं मला नवल वाटतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्यांचं दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. रिबाउंड हॅमर मारून, कोअर काढून, गंजलेला बार स्वतः बघितलेला माणूस कव्हरच्या २० मिलिमीटरची चेष्टा करत नाही.

शेवटी लायसन्स. आर्किटेक्टना १९७२ चा कायदा आहे, आपल्याला देशपातळीवर तसं काही नाही. महापालिकेच्या नोंदणीवरच आपली सही चालते. मुंबई सोडून राज्यात बहुतेक ठिकाणी लागू असलेल्या युडीसीपीआर या बांधकाम नियमावलीप्रमाणे पदवीनंतर तीन वर्षांचा अनुभव लागतो, स्ट्रक्चरलमध्ये पदव्युत्तर असाल तर दोन. आणि हा अनुभव डिझाइन आणि फील्डवर्क दोन्हींचा हवा. नोकरी सोडताना एचआरकडून छापील पत्र मिळतं: 'डिझाइन इंजिनिअर या पदावर होते, वर्तणूक समाधानकारक.' त्या वर्तणुकीचा लायसन्सच्या टेबलावर काही उपयोग नाही. दर वर्षाच्या शेवटी, तिथे नोकरीत असतानाच, साहेबांकडून स्वतंत्र पत्र घ्या. त्यात कोणकोणत्या इमारती, किती मजले, तुम्ही काय डिझाइन केलं आणि कुठल्या साईटवर स्टील तपासलं ते लिहून घ्या. साईट रजिस्टरमध्ये तुमची सही असलेल्या पानांचे फोटो तारखेसकट एका फोल्डरमध्ये टाकत चला.