युद्धातल्या थेरपिस्टांचा केस-ग्रुप: नव्याने येणाऱ्यांसाठी

रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर, २०२२च्या मार्चमध्ये, तिथे अडकलेल्या भारतीयांना परत आणणाऱ्या ‘ऑपरेशन गंगा’ मोहिमेतून मुलं परत आली, तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच काउन्सेलरांनी त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली. खार्कीव्ह, सुमी इथे मेडिकल शिकणारी महाराष्ट्रातली पोरं. कित्येकांनी तळघरात रात्री काढलेल्या. त्या कामातून माझी युक्रेनमधल्या थेरपिस्टांशी ओळख झाली आणि त्यांच्या इंग्रजीतून चालणाऱ्या केस-चर्चेच्या ग्रुपमध्ये मी शिरले. पुण्यातून मी एकटीच. बाकीच्या खार्कीव्ह, द्निप्रो, ल्व्हीव्हमध्ये आणि एक पोलंडमधल्या क्राकूवमध्ये. हल्ली आपल्याकडच्या मुली विचारतात, की असा ग्रुप करायचाय, आधी काय वाचू? वाचायचं नंतर बघू. आधी हे ऐका.

ग्रुपची रीत तुम्हाला माहीत असेलच. सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे आपल्या केस दुसऱ्याला दाखवून घेताना, समोर कुणी ज्येष्ठ असतं, इथे सगळ्या बरोबरीच्या. आमची पद्धत बालिंट ग्रुपच्या जवळची आहे. मायकल बालिंट मूळचे बुडापेस्टचे. १९५०च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्यांनी फॅमिली डॉक्टरांसाठी ही पद्धत घडवली. एकीने नोट्स न बघता केस सांगायची. मग फक्त माहितीचे प्रश्न. मग तिने माइक बंद करून ऐकायचं आणि बाकीच्यांनी क्लायंटविषयी, थेरपिस्टविषयी, त्या दोघांमधल्या नात्याविषयी मनात येईल ते बोलायचं. शेवटी ती परत येते. सल्ला द्यायचा नाही. ही झाली शांततेच्या काळातली रीत.

युद्धात थोडी भर घालावी लागते. सुरुवातीची दहा मिनिटं केसची नसतात. कोण कुठे बसलंय, लाइट आहे का, रात्री झोप झाली का, एवढंच. ऑक्टोबर २०२२पासून वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाले आणि मीटिंगची वेळ वीज जाण्याच्या वेळापत्रकावर ठरायला लागली. सायरन झाला तर माफी न मागता उठायचं. कुणी तळघरात जातं, कुणी बाहेरच्या भिंतीपासून आत, दोन भिंतींच्या आड, पॅसेजमध्ये बसून फोनवरून बोलतं. सूत्रधार गायब झाली तर पुढे कोण, हे आधीच ठरलेलं असतं. केस सांगणारीच गेली तर चर्चा तिथेच थांबते. तिच्या माघारी तिची केस ‘पूर्ण’ करायची नाही. हा नियम मी कुठेही गेले तरी सोडणार नाही.

आता खरा मुद्दा. मुख्य सापळा एकच आहे आणि आमचा ग्रुप त्यात कित्येक महिने अडकला होता.

एक उदाहरण देते. ओळख पटेल असं सगळं बदललंय. आमच्यातली एक जण केस घेऊन आली. क्लायंट मध्यमवयीन बाई, मुलगा आघाडीवर. सेशन ऑनलाइन. दर वेळी सायरन वाजला की क्लायंट बोलता बोलता थांबते आणि विचारते, “तुमच्याकडे पण वाजतोय ना? तुम्ही आत जा. मी थांबते.” थेरपिस्ट म्हणते, “मी ठीक आहे, बोला.” पुढच्या वेळी क्लायंट पहिलीच पाच मिनिटं विचारते: जेवलात का, घरात पाणी आहे का, काल तुमच्या भागात पडलं म्हणे. थेरपिस्ट उत्तरं देते. किती साहजिक आहे! एकाच आकाशाखाली दोघी बसल्यात. हे सांगताना आमची मैत्रीण रडली. आणि आम्ही काय केलं? “अगं, किती करतेस तू,” “तुझ्याजागी मी असते तर केव्हाच बंद केलं असतं,” “स्वतःला जप.” सगळं मनापासून. दीड तास संपला, तिला हलकं वाटलं, आम्हालाही बरं वाटलं.

त्या दीड तासात क्लायंटबद्दल एकही प्रश्न विचारला गेला नाही. मुलाविषयी ती बाई सेशनमध्ये बोलतच नव्हती, हे कुणी उच्चारलं नाही. ती थेरपिस्टची आई झाली होती. मुलाची काळजी करणं असह्य झालं, म्हणून जिची करता येते तिची करत होती. आणि थेरपिस्टलाही त्या घटकेला आई हवीच होती. हे ऐकायला कठोर वाटतं, पण ग्रुप याचसाठी असतो. पुढे ती बाई सेशनला येईनाशी झाली. तेव्हा आम्ही सूत्रधाराला म्हटलं, परत ती केस घेऊ. मग कुठे हे सगळं वर आलं.

लक्षात घ्या, सांत्वन वाईट नाही. त्या दहा मिनिटांत पोटभर करा. पण केस सुरू झाल्यावर ग्रुपमध्ये नुसती माया वाहायला लागली, सगळ्या एकमेकींशी सहमत व्हायला लागल्या, तर कुणीतरी विचारलंच पाहिजे: “आत्ता क्लायंट कुठे आहे?” आम्ही आता हे काम दर वेळी एकीकडे सोपवतो. तिने बाकी काही बोललं नाही तरी चालेल.

उलटा सापळाही असतो, चर्चेत इतकं बुडायचं की बाहेरचं युद्धच विसरायचं; तो मात्र चटकन दिसतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनचे मनोविश्लेषक सिद्धांतावरून हातघाईवर आले होते. बाहेर बॉम्ब पडत असताना सभेत वाद चालूच, आणि त्यांच्यातल्याच डोनाल्ड विनिकॉट यांनी उभं राहून सांगितलं की बाहेर हवाई हल्ला चालू आहे. हा किस्सा मनोविश्लेषक मार्गारेट लिटल यांनी सांगितलाय. विनिकॉटसारखं कुणी तुमच्या ग्रुपमध्ये असेल तर त्यांना सोडू नका.

गुप्ततेबद्दल थोडक्यात, पण हे मोडायचं नाही म्हणजे नाही. सैनिकाची तुकडी, ठाणं, हुद्दा, घटनेची तारीख यातलं काहीही नाही. कुणाचा नवरा युद्धकैदी असेल किंवा आईवडील रशियाच्या ताब्यात गेलेल्या भागात असतील, तर गावाचं नावसुद्धा नाही. इथे नुसती बदनामी होत नाही, माणूस जिवानिशी जाऊ शकतो. रेकॉर्डिंग नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर “पटकन एक विचारू का” नाही. आणि क्लायंट जीव देण्याची भाषा करत असेल तर गुरुवारच्या ग्रुपची वाट बघायची नाही. त्याच दिवशी सायकिअ‍ॅट्रिस्ट आणि सुपरव्हायजर.

माझं एक ठाम मत आहे, पटलं नाही तरी चालेल. युद्ध सुरू झाल्यावर बाहेरच्या देशांतले नामवंत ट्रेनर फुकट वेबिनार घेऊन आले. काही फार चांगले होते. पण दोन दिवसांचं ट्रॉमाचं सर्टिफिकेट घेऊन कुणी युद्धातल्या माणसासमोर बसू नये. नामवंतांच्या मागे धावण्यापेक्षा दर आठवड्याला न चुकता येणाऱ्या सहा जणी मिळवा. ज्यांना तुमच्या कामातली खोट तोंडावर सांगता येते, त्याच खऱ्या गुरू.

आता धीराचं. तुम्ही युद्ध पाहिलेलं नाही म्हणून तोंड उघडायचा हक्क नाही, असं वाटेल. मला आजही वाटतं. क्राकूवला गेलेल्या आमच्या मैत्रिणीलाही वाटायचं; ती बराच काळ स्वतःची केस मांडतच नव्हती, कारण “मी सुरक्षित आहे, माझं काय सांगायचं.” दुःखाची अशी उतरंड प्रत्येक ग्रुपमध्ये न बोलता लागते. ती लागलीय हे मोठ्याने म्हणा, अर्धी तिथेच मोडते. बाहेरचीला एक गोष्ट नक्की जमते: बाकीच्यांना इतकं सवयीचं झालंय की दिसतच नाही, त्यावर साधा प्रश्न विचारणं. “सायरन चालू असताना सेशन चालू ठेवायचं, हे कुणी ठरवलं?” हा प्रश्न इथून, पुण्यातूनच गेला होता. मात्र कुतूहलापोटी विचारू नका. स्फोट कसा झाला, काय दिसलं, हे तुमच्या माहितीसाठी नसतं.

पहिली केस मांडताना सगळ्यात भयंकर केस निवडू नका. ज्या क्लायंटच्या नोट्स लिहायच्या तुम्ही टाळताय, ती घ्या. आणि ग्रुपमध्ये जाण्याआधी त्यांना विचारा की गेल्या काही मीटिंगमध्ये कुणी कुणाशी असहमत झालं होतं का. आठवत नसेल, तर दुसरा ग्रुप शोधा.

वेळ आधीच नीट बघून ठेवा. कीव्हचे संध्याकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्यांची घड्याळं बदलतात, आपली नाही. त्या आठवड्यात उशिरा पोचलात तर एखादीची केस अर्धी होऊन गेलेली असेल.