सिंहगड–राजगड–तोरणा चालताना नकाशा कोणता घ्यावा?

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. त्यात २ सेंमी म्हणजे जमिनीवरचा १ किमी, आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) उंचीचा २० मीटरचा फरक. इथेच सह्याद्रीत फसगत होते: १५ मीटरचा कातळकडा दोन रेषांच्या मध्ये लपून जातो आणि कागदावर वाट सोपी दिसते. म्हणून राजगडाच्या संजीवनी माचीकडून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणाऱ्या धारेवर रेषा दाटल्या असतील, तर त्या टप्प्याची चौकशी गावात आधीच करून ठेवा.

प्रिंट काढताना 'फिट टू पेज' बंद ठेवा, नाहीतर प्रमाण बिघडतं. नकाशावरची प्रमाणपट्टी फूटपट्टीने मोजून बघाच. ए-४ कागदावर साधारण १० बाय १४ किमी भाग मावतो. शेजारच्या पानांत ३ सेंमी भाग दोन्हीकडे येऊ द्या, कारण वाट नेमकी कडेलाच चुकते. पावसाळ्यात लेझर प्रिंटच हवी, इंकजेटची शाई ओघळते. चालू पान झिपच्या पारदर्शक पिशवीत, हाताशी. उरलेली सॅकमध्ये कोरडी.

मोबाइलवर ऑस्मँड या नकाशाच्या अ‍ॅपमधला नकाशा पुण्यातच, घरच्या वायफायवर उतरवा आणि एअरप्लेन मोडमध्ये उघडून तपासा. कागद मात्र सोबत हवाच, बॅटरी कितीही भरलेली असो.