मॅचची वही जपून ठेवा: कॅम्पसच्या पेपरात काम करायचं असेल तर

अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात मी चार वर्षं विद्यार्थ्यांच्या दैनिकात होते. पहिल्या फॉल सेमिस्टरला शनिवारच्या अमेरिकन फुटबॉलच्या मॅचेस मिळाल्या, मग नाटकं, आणि शेवटच्या वर्षी अध्यक्षांचं ऑफिस. (तिकडे विद्यापीठाच्या प्रमुखालाही प्रेसिडेंटच म्हणतात.) तुम्हीही याच क्रमाने जा. मॅचला लागलेली सवय पुढे सगळीकडे उपयोगी पडते.

मैदानाच्या कडेला उभं राहायचं असेल तर पेन्सिल न्या, नोव्हेंबरच्या थंडीत बॉलपेन उठत नाही. चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, एवढं कळलं की वही मांडता येते. माझी ओळ अशी असायची: ‘3-4-38, धाव, डावीकडून, 6’. म्हणजे तिसरा डाउन, चार यार्ड बाकी, चेंडू 38च्या रेषेवर, धावून सहा काढले. प्रत्येक खेळीला एक ओळ. स्कोअर बोर्डावर दिसतोच, मॅच कुठे फिरली ते वहीतच सापडतं. एकदा माझ्या दोन खेळी सुटल्या आणि मी शेजारच्या वार्ताहराच्या वहीतून उतरवल्या. त्याचा खेळाडूचा नंबर चुकला होता. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावी लागली आणि त्या खेळाडूच्या आईचा फोन मीच घेतला. तेव्हापासून सुटलेली ओळ मी कोरी ठेवते. आणि प्रेस बॉक्समध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, संघ आपला असला तरी.

नाटकाला अंधारात लिहावं लागतं, म्हणून पानावर चारच ओळी, मोठ्या अक्षरात. ‘अभिनय उत्तम’ असं लिहू नका. अमुक प्रवेशात नायिका प्रकाशाच्या वर्तुळाबाहेर उभी राहिली आणि तिचं वाक्य अंधारातून आलं, असं लिहा. ती बहुधा तुमच्याच वर्गात असते. तिच्याबद्दल नको, तिने काय केलं त्याबद्दल लिहा.

आता अध्यक्ष. जुलै 2023मध्ये दोन विद्यापीठं विद्यार्थ्यांच्या पेपरांमुळे हादरली. स्टॅनफर्डचे अध्यक्ष मार्क टेसिये-लाविन यांच्या संशोधनलेखांतल्या चित्रांत फेरफार झाल्याच्या संशयाबद्दल थिओ बेकर या पहिल्या वर्षाच्या मुलाने ‘स्टॅनफर्ड डेली’त महिनोन्‌महिने लिहिलं, आणि अध्यक्षांनी राजीनामा जाहीर केला. नॉर्थवेस्टर्नमध्ये फुटबॉल संघातल्या रॅगिंगवरून प्रशिक्षक पॅट फिट्झजेराल्ड यांना दोन आठवडे निलंबित केलं होतं. ‘डेली नॉर्थवेस्टर्न’ने माजी खेळाडूचं म्हणणं छापलं आणि दोनच दिवसांत त्यांना काढलं. पण हेही लक्षात ठेवा: चौकशी समितीला टेसिये-लाविन यांनी स्वतः फेरफार केल्याचं आढळलं नाही, आणि फिट्झजेराल्ड यांनी आपल्याला काही माहीत नव्हतं असंच सांगितलं. हेही तितक्याच ठळकपणे छापायचं असतं.

सरकारी विद्यापीठ असेल तर राज्याच्या माहिती कायद्याखाली अर्ज करा. ‘अध्यक्षांचा सगळा पत्रव्यवहार’ मागितलात तर महिने जातील. ‘1 ऑगस्ट ते 30 नोव्हेंबर, प्रवासखर्चाची बिलं’ असं नेमकं मागा. खासगी विद्यापीठांना बहुतेक ठिकाणी हा कायदा लागू नाही, पण त्यातल्या बहुतेक ना-नफा विद्यापीठांचं कर खात्याकडे जाणारं फॉर्म 990 कुणालाही पाहता येतं आणि अध्यक्षांचा पगार त्यात असतो. विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेच्या 1974च्या कायद्याचं, म्हणजे फर्पाचं, कारण सांगून तुम्हाला परत पाठवतील. शांतपणे सांगा की तो विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींसाठी आहे, अध्यक्षांच्या हॉटेलच्या बिलासाठी नाही.

माझ्या हाती आलेल्या बिलांत एक ‘संघासोबत दौरा’ असं होतं, तारीख शनिवारची. ती ओळखीची वाटली म्हणून पहिल्या वर्षीची वही काढली. त्या दिवशी मॅच आपल्याच मैदानावर होती. ‘3-4-38’ ही ओळ त्याच मॅचची.

लगेच छापलं नाही. आधी वेळापत्रक पडताळलं, मग हिशेब विभागातल्या दोघांशी वेगवेगळं बोलले. नंतर ऑफिसला सगळे प्रश्न लेखी पाठवले आणि उत्तराला तीन दिवस दिले. तिसऱ्या संध्याकाळी उत्तर आलं: नोंद चुकली, रक्कम परत भरली आहे. ते उत्तर आम्ही बातमीच्या दुसऱ्याच परिच्छेदात, एक शब्दही न गाळता छापलं.