बल दिसलं की विचारा: कोणी लावलं, कोणावर?

अकरावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवताना एक गोष्ट मला वर्षानुवर्षं दिसते. गणित आकडेमोडीत अडत नाही. सूत्र पाठ असतं, गुणाकारही बरोबर असतो, पण आपण नेमकं कोणत्या वस्तूबद्दल बोलतोय हेच ठरलेलं नसतं. म्हणून सूत्राकडे धावण्याआधी पेन्सिल घ्या आणि पुढच्या क्रमाने जा.

एकच वस्तू निवडा

समजा, टेबलावर पुस्तक आहे. पुस्तकाभोवती एक गोल काढा. आता बाहेरून पुस्तकाला कोण ओढतंय, कोण ढकलतंय, एवढंच बघा. पृथ्वी खाली ओढते, टेबल वर ढकलतं. दोन बाण झाले. पुस्तक टेबलाला दाबतं, पण ते बल टेबलावर आहे, त्यामुळे या चित्रात त्याला जागा नाही.

प्रत्येक बाणाशेजारी पूर्ण वाक्य लिहा

‘पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते’ असं कर्त्यासकट लिहा. कर्ता सापडला नाही तर बाण खोडून टाका. वर फेकलेल्या चेंडूच्या चित्रात बहुतेक मुलं ‘हाताचं बल’ म्हणून वर जाणारा बाण काढतात. पण हात तर केव्हाच सुटला! चेंडूजवळ आता वेग आहे, हाताचं बल नाही. हवेचा विरोध सोडला तर त्याच्यावर एकच बल उरतं, पृथ्वीचं. सर्वांत उंच जागी चेंडूचा वेग क्षणभर शून्य होतो, त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, मात्र तिथेही ९.८ मीटर प्रति सेकंद वर्गच असतं, कारण पृथ्वीने ओढणं थांबवलेलं नाही.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा (प्रत्येक बलाला तेवढंच, उलट दिशेचं बल जोडीला असतं) घोळही याच वाक्याने सुटतो. कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करा: ‘पुस्तक पृथ्वीला वर ओढतं’. पुस्तकाच्या वजनाची खरी जोडी ही. टेबलाचा वरचा रेटा ही त्याची जोडी नव्हे. ते दोघे सारखे आहेत ते केवळ पुस्तक स्थिर आहे म्हणून. टेबल लिफ्टमध्ये ठेवा आणि लिफ्ट सुरू करा, की ही बरोबरी मोडते.

लिफ्टचं गणित एकदा सावकाश करा

हे एक गणित नीट समजलं तर अर्धा धडा समजतो, असं माझं ठाम मत आहे. ५० किलोची मुलगी लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभी आहे. पृथ्वी तिला ५० × ९.८ म्हणजे ४९० न्यूटन बलाने खाली ओढते. काटा तिला वर ढकलतो, आणि काट्यावर दिसणारा आकडा या ढकलण्याचा असतो. लिफ्टचं त्वरण वरच्या दिशेने २ असेल, तर काट्याला ४९० तर द्यावेच लागतात, शिवाय ५० × २ म्हणजे १०० जास्तीचे. एकूण ५९० न्यूटन, म्हणजे काट्यावर साधारण ६० किलो. मुलीचं वस्तुमान अर्थातच ५० किलोच आहे.

आता खरी मेख. लिफ्ट वर जातेय, पण दहावा मजला जवळ आल्याने हळू होतेय. काटा जास्त दाखवेल की कमी? ‘वर जातेय म्हणजे जास्त’ हे उत्तर चूक. वेग वर असला तरी तो घटतोय, म्हणून त्वरण खाली आहे. ते २ असेल तर काट्याचं बल ३९० न्यूटन, म्हणजे जवळपास ४० किलो. आणि लिफ्ट एकसमान वेगाने वर जात असेल, तर बरोबर ५०. चित्रात वेगाचा बाण बाजूला, वेगळ्या रंगाने काढा. बलांच्या बाणांत तो मिसळू देऊ नका.

घर्षणाला आधी विचारा, वस्तू सरकतेय का?

२० किलोचं खोकं, स्थितिक घर्षणांक ०.५, म्हणजे खोकं सरकण्याआधी घर्षण जास्तीत जास्त वजनाच्या निम्मं होऊ शकतं. तुम्ही ४० न्यूटनने आडवं ढकललंत आणि खोकं हललं नाही. घर्षण किती? वहीत हमखास ९८ येतं: ०.५ × १९६ (खोक्याचं वजन, २० × ९.८). पण ९८ ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा झाली. खोकं जागेवर आहे, म्हणजे घर्षण ४०च. ते खरोखर ९८ असतं तर खोकं तुमच्याच अंगावर आलं असतं.

चिन्हं एकदाच ठरवा

१५ मीटर उंचीच्या गच्चीवरून चेंडू १० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला. जमिनीवर कधी पडेल? गुरुत्वीय त्वरण सोयीसाठी १० धरू. वरची दिशा धन ठरवली की वेग +१०, त्वरण −१० आणि विस्थापन −१५. चेंडू आधी किती वर गेला याने विस्थापन बदलत नाही. सुरुवात गच्चीवर, शेवट जमिनीवर, म्हणून −१५. ‘विस्थापन = सुरुवातीचा वेग × वेळ + अर्धं त्वरण × वेळेचा वर्ग’ या समीकरणात हे आकडे घातले की ते सुटतं आणि ३ सेकंद मिळतात. वर जाणं आणि खाली येणं असे दोन तुकडे करायची गरजच नाही.

तिन्ही आकडे धन घेतले तर १ सेकंद येतो. हे उत्तर फसवं आहे, कारण ते दिसायला अगदी शहाणं दिसतं. प्रत्यक्षात ते दुसऱ्याच गणिताचं आहे, चेंडू त्याच वेगाने सरळ खाली फेकला तर काय होईल त्याचं.

उत्तर टोकाला नेऊन बघा

लिफ्टचं खालच्या दिशेचं त्वरण थेट ९.८ करा. काट्याचं बल ४९० वजा ४९०, म्हणजे शून्य. मुलगी आणि काटा दोघेही सारखेच पडतायत, एकमेकांना दाबत नाहीत. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातले अंतराळवीर तरंगतात ते याच कारणाने. तिथे, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के शिल्लक असते. स्थानक आणि माणसं सतत पृथ्वीकडे पडत असतात, आणि आडव्या वेगामुळे ते पडणं पृथ्वीभोवती वळत राहतं.