ग्रास कटरची दोरी सारखी तुटते? नवी घेताना या चुका टाळा

पावसाने उघडीप दिली की कोकणात बागांच्या बेणणीची, म्हणजे गवत काढण्याची, घाई सुरू होते आणि हार्डवेअरच्या दुकानात ठरलेला संवाद ऐकू येतो: "मागची दोरी बोगस निघाली, आता जरा जाड द्या." मीही एकदा अशीच जाड दोरी आणली होती. मशीन 2.4 मिलिमीटरच्या दोरीचं, आणलेली दोरी 3 मिलिमीटरची. अर्धा तास बरं चाललं, मग मशीन तापलं आणि गवत कापलं जाण्याऐवजी हेडला, म्हणजे दोरी बसवलेल्या फिरत्या भागाला, गुंडाळलं जाऊ लागलं.

दोष दोरीचा नव्हता. 2.4 वरून 3 वर गेलं की जाडी वाढते पाव पट, पण वजन दीडपटीहून जास्त होतं. दोरीला धार नसते, गवत तुटतं ते तिच्या वेगामुळे. वजन वाढलं की छोट्या इंजिनाचे फेरे उतरतात, क्लच घसरून तापतो आणि कापणी उलट बिघडते. शिवाय जाड दोरी हेडमधल्या स्पूलमध्ये (रिळात) कमी मावते. मशीनच्या पुस्तिकेत जाडी दिलेली असते, तीच घ्यावी. अंगणातल्या छोट्या विजेच्या ट्रिमरला तर साधारण 1.2 ते 1.6 मिलिमीटरचीच दोरी लागते.

किलोवर घेत असाल तर भाव विचारण्याआधी हिशेब करा. गोल नायलॉन दोरी 2.4 मिलिमीटरची असेल तर किलोत साधारण 190 मीटर येते, 3 मिलिमीटरची जेमतेम 120. म्हणजे किलोचा भाव तोच असला तरी जाड दोरी मीटरमागे दीडपट महाग पडते.

आकाराचं म्हणाल तर चौकोनी आणि चांदणीच्या आकाराची दोरी कोवळं गवत झकास कापते, पण गडग्याला घासली की तिच्या कडा लवकर झिजतात. आमच्याकडे बागेभोवती चिऱ्याचे आणि दगडांचे गडगेच गडगे, म्हणून मी साधी गोल दोरी वापरतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे 'सगळी हेडं सारखीच' असं समजून नुसत्या अंदाजाने नवं हेड उचलणं. बऱ्याच ग्रास कटरवर हेडचे आटे उलटे असतात, म्हणजे सोडवताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावं लागतं. हे माहीत नसेल तर माणूस पाना लावून ते आणखी आवळतच बसतो. दोन हेडं 10 मिलिमीटरचीच असली, तरी एकाच्या आट्यांमधलं अंतर 1.25 मिलिमीटर आणि दुसऱ्याचं 1 मिलिमीटर असू शकतं. चुकीचं हेड एक-दोन फेरे बसतं आणि मग अडतं. तिथे जोर लावलात तर गिअरच्या दांड्याचे आटे गेलेच म्हणून समजा. जुनं हेड काढून पिशवीत घालून दुकानात न्या. दुकानदार हसला तर हसू दे.

दोरी बरोबर आणूनही हेड जमिनीवर आपटल्यावर ती बाहेर येत नसेल तर आधी गुंडाळणी बघा. दोरी साधारण मधोमध दुमडून स्पूलच्या खाचेत अडकवायची आणि दोन्ही पदर आपापल्या कप्प्यात, बाणाच्या दिशेने, ताणून गुंडाळायचे. पदर एकमेकांवर चढले की अडकतात. स्पूल काठोकाठ भरू नये. उघडल्यावर वेढे एकमेकांना चिकटलेले दिसले तर ते उष्णतेने वितळून जुळलेले असतात. तेवढा तुकडा कापून टाका. हेडच्या भोकातली धातूची कडी झिजून धारदार झाली असेल, तर कितीही भारी दोरी तिथेच कापली जाईल. आणि हेड मातीवर टेकवा, कातळावर नको. तिथे खालचं बटण बघता बघता झिजतं.

गेल्या हंगामातली, उन्हात पडलेली दोरी कडकडीत होऊन काडीसारखी मोडते, कारण नायलॉनमधला ओलावा उडालेला असतो. वापरायच्या आदल्या दिवशी ती बादलीभर पाण्यात बुडवून ठेवली की पुन्हा लवचिक होते. सावलीत ठेवलेली नवी दोरी असेल तर हा खटाटोप लागत नाही. मात्र उन्हाने रंग उडून दोरीला चिरा पडल्या असतील, तर पाणीही काही करू शकत नाही.

दोरी संपली म्हणून क्लच वायर किंवा बांधायची तार लावणारे महाभाग प्रत्येक वाडीत असतात. त्या तारेचा तुकडा तुटून निघतो तो गोळीसारखा, आणि पुढे उभा असतो गवत गोळा करणारा गडी. ही काटकसर कुणालाच परवडणारी नाही. हेडवरचं कव्हरही काढू नका. त्यातल्या छोट्या पात्यामुळे दोरी ठरावीक लांबीवर कापली जाते. कव्हर काढलं की दोरी लांबते आणि पुन्हा तेच, इंजिनावर भार.

एक गोष्ट मात्र दुकानात कुणी सांगत नाही. नायलॉन दोरी मऊ वाटली तरी काजू-आंब्याच्या कोवळ्या कलमाची साल ती सहज सोलते. खोडाभोवती साल पूर्ण गेली तर कलम वाळतं. आळ्यातलं गवत मी आजही कोयत्यानेच काढतो.