सुपरहिरो कॉमिक्स परत वाचायची आहेत? मग आधी 'पहिला अंक' शोधणं बंद करा

मागच्या महिन्यात ऐरोलीचा मेव्हणा घरी आला होता, माझं कपाट बघितलं आणि म्हणाला, भावोजी, मलापण परत सुरू करायचंय, बॅटमॅनचा एक नंबरचा अंक कुठे मिळेल? म्हटलं बाबा, बॅटमॅन पहिल्यांदा आला १९३९ साली, डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या २७व्या अंकात, आणि तो अंक घ्यायचा तर तुझा फ्लॅट विकावा लागेल आणि वर कर्ज. तर हे सगळं त्याच्यासाठी लिहितोय, आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी ज्यांनी लहानपणी इंद्रजालमधला वेताळ वाचला, कॉलेजात गोथम कॉमिक्सची रिप्रिंट फुटपाथवरून उचलली आणि मग नोकरी, लग्न, ईएमआय या भानगडीत सगळं सुटलं.

पहिली गोष्ट म्हणजे मागचं सगळं वाचलं पाहिजे ही भीती काढून टाका. कोणीच सगळं वाचलेलं नाहीये, मीपण नाही. आजी तीन महिने गावाला राहून येते आणि परत आल्यावर सिरियल बघायला बसते तेव्हा तिला काही अडतं का? दोन एपिसोडमध्ये तिला सगळं कळतं, कोण मेलं कोण परत आलं. सुपरहिरो कॉमिक्स तशीच असतात, आणि इथेपण मेलेले परत येतातच. १९९२ ला सुपरमॅनला मारला तेव्हा जगभर बातम्या झाल्या आणि पुढच्याच वर्षी साहेब हजर.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच खरी किल्ली आहे: हिरो बघून पुस्तक घेऊ नका, लेखक बघून घ्या. गडकरी रंगायतनला नाटक बघायला जाताना आपण विचारतो ना, लिहिलंय कोणी, काम कोण करतंय? कॉमिकच्या कव्हरवर लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव छापलेलं असतं आणि नवीन माणूस ते वाचतच नाही, तो फक्त स्पायडरमॅनचं तोंड बघतो. एक लेखक एखाद्या हिरोवर सलग जेवढे अंक लिहितो त्याला म्हणतात रन, आणि वाचायचं ते रन. हल्कमध्ये मला कधीच इंटरेस्ट नव्हता, हिरवा माणूस गाड्या फेकतो यात काय वाचायचं, पण अल युइंगचा 'इमॉर्टल हल्क' हातात आला (२०१८ ते २०२१, बरोबर ५० अंक) आणि रात्री लाईट चालू ठेवून झोपलो, ती चक्क भुताची गोष्ट आहे. उलट आवडता हिरो आणि कंटाळलेला लेखक असेल तर पैसे पाण्यात.

मग आत्ता नेमकं काय घ्यायचं? मेव्हण्याला मी 'अ‍ॅबसोल्यूट बॅटमॅन' दिलं. ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं, लेखक स्कॉट स्नायडर, चित्रं निक ड्रॅगॉटा. जुन्या गोष्टीशी याचा संबंध नाही, सगळं पहिल्यापासून, त्यामुळे काही माहीत नसलं तरी चालतं. यातला ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅनच, श्रीमंत नाही, बंगला नाही, बटलर नाही. बाप शाळामास्तर होता, तो मारला गेला, आई जिवंत आहे आणि नोकरी करते, आणि ब्रूस स्वतः शहराच्या कामांवरचा इंजिनिअर. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर हा बॅटमॅन महापालिकेत कामाला आहे, पूल कुठे कमकुवत आहे आणि गटार कुठे उघडतं हे त्याला माहितीये कारण ते त्याचं रोजचं कामच आहे. आणि गंमत म्हणजे जे पुढे व्हिलन होतात असं आपल्याला माहितीये ते त्याचे लहानपणचे मित्र आहेत, पत्ते खेळत बसतात. आल्फ्रेड, म्हणजे जुन्या गोष्टीतला बटलर, आहे पण तो सरकारी गुप्तहेर आणि सुरुवातीला बॅटमॅनवरच पाळत ठेवून आहे. छातीवरचं वटवाघूळ काढून त्याची कुऱ्हाड होते, हे वाचून मी एवढा मोठा माणूस हसलो पण आवडलंच. मारामारी जास्त आहे, रक्तपण आहे, त्यामुळे पोरांच्या हातात आधी देऊ नका.

पैसेवाला माणूस गरिबांना वाचवतो ही गोष्ट मला चाळिशीनंतर थोडी टोचायला लागली होती हे खरं सांगतो, आणि ती टोचणी या पुस्तकाने काढली. पैसा या गोष्टीत जोकरकडे आहे. बास, पुढचं सांगत नाही.

दुसरं घ्यायचं ते 'अल्टिमेट स्पायडरमॅन', जोनाथन हिकमन आणि मार्को केकेट्टो, जानेवारी २०२४ पासूनचं. हे लग्न झालेल्या माणसांनी वाचायचं कॉमिक आहे. पीटर पार्कर, म्हणजे पुढचा स्पायडरमॅन, पस्तिशीचा, मेरी जेन बायको, दोन पोरं, काका बेन जिवंत, आणि अजून त्याला कोळी चावलेलाच नाहीये, फक्त आयुष्यात काहीतरी राहून गेलंय असं वाटत राहतं. शक्ती मिळते ती उशिरा, आणि ती घ्यायची का नाही हे त्याला ठरवायचं असतं, घरात पोरं झोपलेली असताना. आणि खऱ्या जगात एक महिना गेला की गोष्टीतपण एक महिना जातो, त्यामुळे पोरं मोठी होत जातात.

आता याच्यावर मी एवढा का खूश ते समजायला जुनं दुखणं सांगावं लागेल. मेन मालिकेतल्या जुन्या स्पायडरमॅनचं लग्न झालं १९८७ ला, आणि २००७ ला 'वन मोअर डे' नावाच्या गोष्टीत काकूचा जीव वाचवायला म्हणून पीटर आणि मेरी जेनने सैतानाशी सौदा केला आणि लग्न झालंच नव्हतं असं होऊन गेलं. वीस वर्षांचा संसार एका सहीवर साफ! का, तर लग्न झालेला हिरो म्हातारा वाटतो असं कंपनीतल्या मोठ्या लोकांना वाटलं. तेव्हापासून तो बिचारा तिथेच आहे, भाडं थकलेलं, गर्लफ्रेंड नाराज. मी पंचविशीतून पन्नाशीकडे निघालो आणि हा अजून तिथेच. म्हणून हे नवीन २४ अंक वाचताना बरं वाटलं. मधले काही अंक रेंगाळलेत, चहा गार होईपर्यंत लोकं नुसती बोलत बसतात, ते मान्य आहे. पण संपलं, आणि संपणारी गोष्ट ही सुपरहिरोत दुर्मिळ वस्तू आहे.

पुस्तक निवडताना म्हणून मी हाच प्रश्न विचारतो, की यात माणूस बदलू शकतो का? शेवटच्या पानावर सगळं परत होतं तसं ठेवायचंय अशी लेखकाला सक्ती असेल तर दहा पानांत वास येतो.

बाकी पटपट सांगतो. 'अ‍ॅबसोल्यूट वंडर वूमन', केली थॉम्पसन आणि हेडन शर्मन, यात डायनाला, म्हणजे वंडर वूमनला, नरकात चेटकिणीने वाढवलंय आणि तरी पोरगी सगळ्यांत मायाळू निघते, याला २०२५ चं नवीन मालिकेचं आयझनर (कॉमिक्समधलं मोठं बक्षीस) मिळालं आणि ते योग्यच झालं. 'अ‍ॅबसोल्यूट मार्शन मॅनहंटर' रंगांसाठी घ्या, हावियर रॉड्रिगेझने माणसांच्या मनातले विचार रंगीत धुरासारखे काढलेत, पण झोप आलेली असताना वाचू नका, डोक्यावरून जाईल. 'अ‍ॅबसोल्यूट सुपरमॅन' मला ठीकठाक वाटलं. घरात दहा-बारा वर्षांचं पोरगं असेल तर मार्क वेड आणि डॅन मोराचं 'वर्ल्ड्स फाइनेस्ट', त्यात बॅटमॅन-सुपरमॅन दोस्त आहेत आणि दिवसाढवळ्या हिंडतात. एकच पुस्तक घेऊन थांबायचंय असं असेल तर टॉम किंग आणि बिल्किस एव्हलीचं 'सुपरगर्ल: वुमन ऑफ टुमॉरो', आठ अंकांत गोष्ट पूर्ण.

एक्स-मेनचं काय, हे मला हमखास विचारतात. २०१९ ची 'हाउस ऑफ एक्स' आणि 'पॉवर्स ऑफ एक्स' ही दोन्ही मिळून बारा अंकांची गोष्ट एकाच पुस्तकात मिळते, ती घ्या. म्युटंट, म्हणजे जन्मतःच शक्ती असलेले लोक, स्वतःचा देश काढतात आणि मरणावरपण उपाय शोधतात. त्यानंतर पाच वर्षं खंडीभर पुस्तकं निघाली, ती वाचलीच पाहिजेत असं अजिबात नाही. २०२४ ला तो देश गुंडाळला आणि सगळे पांगले, आणि माझा उत्साहपण तिथेच गुंडाळला गेला.

आता सापळा. याला म्हणतात इव्हेंट. दोन सिरियलचा महासंगम असतो ना, एका घरच्या लग्नात दुसऱ्या सिरियलची अख्खी फॅमिली येते, तसंच हे, फक्त इथे महासंगम समजायला म्हणून वेगळ्या पाच-सहा मालिकांचे अंक घ्यायला लावतात. त्यांना टाय-इन म्हणतात. नवीन माणसाने पहिलं वर्षभर कव्हरवर टाय-इन दिसलं की पुस्तक खाली ठेवायचं. फारच वाटलं तर मुख्य मालिका तेवढी वाचा, टाय-इन सोडून दिलं म्हणून माझं आजवर कधी काही बिघडलं नाही.

पैशाचं बोलू. सुटा अंक तिकडे ४-५ डॉलरला, म्हणजे इकडे ४०० च्या आसपास आणि वर आणायचा खर्च. त्यात पानं वीस-बावीस. मी ठाण्याहून पनवेल लोकल पकडतो, सुटा अंक रबाळे यायच्या आत संपतो, एवढ्या पैशात घरची मंडळी मिसळ खाऊन येतील. म्हणून पाच-सहा अंकांचं एकत्र पुस्तक घ्यायचं, त्याला ट्रेड म्हणतात, ते पनवेलला जाऊन परत येईपर्यंत पुरतं. त्याहून स्वस्त म्हणजे २०२४ पासून डीसीने (बॅटमॅन-सुपरमॅनवाली कंपनी) काढलेली कॉम्पॅक्ट साइझची पुस्तकं, तिकडची किंमत १० डॉलरच्या आत, कादंबरीएवढी आणि लोकलमध्ये एका हाताने धरता येतात. 'ऑल-स्टार सुपरमॅन' त्यात आहे, डोळे झाकून घ्या. चाळिशीचा चष्मा असेल तर मात्र अक्षर बारीक वाटेल. मार्व्हलचं (स्पायडरमॅन, हल्क, एक्स-मेनवाली कंपनी) वाचायला त्यांचं अनलिमिटेड अ‍ॅप आहे, नवीन अंक तिथे साधारण तीन महिन्यांनी येतो, टॅबवर छान दिसतं, फोनवर डोळे जातात.

ऑम्निबस नावाचा हजार पानांचा ठोकळा लगेच मागवू नका. मी ऐन जुलैत ऑनलाइन मागवला, नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आला, कोपरा चेपलेला आणि खालची पानं ओली, परत पाठवायला पंधरा दिवस भांडलो. शिवाय तो झोपून वाचता येत नाही, छातीवर पडला तर बरगडी जाईल.

आणि व्हेरिएंट कव्हर, म्हणजे आत तेच फक्त वरचं चित्र वेगळं, ते पुढे महाग होईल म्हणून घेऊ नका. १९९१ चा 'एक्स-मेन'चा एक नंबर पाच वेगवेगळ्या कव्हरांत काढला होता, ८० लाखांच्या वर प्रती, लोकांनी गठ्ठेच्या गठ्ठे जपून ठेवले आणि आजही तो कवडीमोलाने मिळतो. सगळ्यांनीच जपला तर महाग कसा होणार.

शेवटचं, कपाट. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा एवढी दमट की चकचकीत पानं एकमेकांना चिकटतात. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्या प्रत्येक खणात टाका (चपलांच्या खोक्यातल्या जमवून ठेवा, मी तेच करतो), आणि पुस्तकं उभी पण सैल लावा. डांबरगोळ्या टाकू नका, तो वास पानांतून जात नाही. गणपतीत घर आवरताना एकेक काढून पंख्याखाली ठेवा, उन्हात नको, रंग उडतो. मेव्हण्याला दिलेलं 'अ‍ॅबसोल्यूट बॅटमॅन' अजून परत आलेलं नाहीये, काल फोन केला तर म्हणतो, भावोजी, बायको वाचतेय, दुसरा भाग आहे का?