भारताच्या संरक्षण धोरणावर बोलताना या चुका टाळा

‘आपण आधी रशियाचे होतो, आता अमेरिकेचे झालो,’ असे कोणी म्हटले की चर्चेची गाडी घसरलीच म्हणून समजा. वक्तृत्व स्पर्धा असो, एमपीएससीचे उत्तर असो की फेसबुकवरची हमरीतुमरी, चुका ठरलेल्याच. बहुतेक वेळा कारणही एकच असते: तारखा शेजारीशेजारी ठेवून कोणी पाहत नाही.

सगळ्यात मोठा गोंधळ १९६२ च्या चीन युद्धाचा. अलिप्ततावाद म्हणजे दोन्ही महासत्तांपासून सारखेच लांब राहणे, असे धरले तर ते वर्ष उलगडतच नाही. मिग-२१ या लढाऊ विमानासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो १९६२ मध्येच, आणि नोव्हेंबरमध्ये नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्याकडे लढाऊ विमानांच्या १२ स्क्वाड्रन (तुकड्या) मागितल्या त्याही त्याच वर्षी, आणि त्या अमेरिकी वैमानिकांसह! मॉस्को सुरुवातीला चीनच्या बाजूला का झुकले, याचे उत्तर क्युबात आहे. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला तेव्हा तिथल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी झालेला पेच ऐन भरात होता. अशा वेळी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना बीजिंगला दुखवायचे नव्हते.

‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपल्याकडच्या भाषणात हमखास येते. येऊ द्या, पण त्याला जोडून यशवंतराव चव्हाणांनी चिनी फौजा रोखल्या असे ठोकून देऊ नका. ते संरक्षणमंत्री झाले २१ नोव्हेंबरला, आणि चीनची एकतर्फी युद्धबंदीही तेव्हाचीच. त्यांचे खरे काम पुढचे, ज्याला भाषणात टाळ्या पडत नाहीत: १९६४ ची पंचवार्षिक संरक्षण योजना, सव्वाआठ लाखांचे लष्कर, हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन. नाशिकजवळ ओझरचा मिग कारखाना याच काळातला. अमेरिकेने एफ-१०४ लढाऊ विमाने पाकिस्तानला दिली, आपल्याला नाही. सोव्हिएत संघ मात्र विमान इथेच बांधायचा परवानाही द्यायला तयार होता. रशियन शस्त्रांवरचे आपले अवलंबित्व समजून घ्यायचे तर विचारसरणीपेक्षा हा व्यवहार आधी पाहावा.

सोव्हिएत संघाशी झालेल्या १९७१ च्या मैत्री कराराला सरसकट ‘लष्करी युती’ म्हटले जाते. नवव्या कलमाचा गाभा एवढाच: हल्ला झाला किंवा तसा धोका दिसला तर दोघे तातडीने सल्लामसलत करतील. नाटोसारखी एकमेकांसाठी लढण्याची हमी त्यात नाही. करार ९ ऑगस्टचा, आणि अमेरिकी अध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर गुपचूप बीजिंगला जाऊन आले ते जुलैत. अमेरिका चीनजवळ सरकत होती म्हणून आपण मॉस्कोकडे वळलो; या दोन तारखा एकत्र लिहिल्या की अर्धे उत्तर झाले.

क्वाडला (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया यांचा गट) ‘आशियाई नाटो’ म्हणणे ही त्याच चुकीची नवी आवृत्ती. २०१८ बघा. सप्टेंबरमध्ये अमेरिकेशी लष्करी संपर्कयंत्रणेचा कॉमकासा करार आणि ऑक्टोबरमध्ये रशियाशी एस-४०० या हवाई संरक्षण यंत्रणेचा सौदा, मध्ये जेमतेम महिनाभर.

अण्वस्त्रांबाबत १९९९ चा धोरण-मसुदा आणि ४ जानेवारी २००३ चे अधिकृत निवेदन यांची सरमिसळ करू नका. ‘आधी वापरणार नाही’ हे दोन्हीकडे आहे. पण जैविक वा रासायनिक हल्ला झाल्यास अण्वस्त्रांचा पर्याय खुला ठेवणारी ओळ २००३ ची, आणि नेमकी तीच उत्तरातून गळते.

आकड्यांत पेन्शन विसरले जाते. २०२५-२६ ची संरक्षण तरतूद सुमारे ६.८१ लाख कोटींची, त्यातले सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे. ‘इतक्या पैशांत किती विमाने आली असती’ छापाचे हिशेब मांडायचे तर नव्या शस्त्रसामग्रीसाठीचा १.८० लाख कोटींचा भांडवली खर्च धरा.

शेवटची चूक अभ्यासू लोकांची. ते भारताचे ‘राष्ट्रीय सुरक्षा धोरण’ नावाचा दस्तऐवज शोधत बसतात. अमेरिका तसा छापते. आपण आजवर जाहीर केलेला नाही. इथे धोरण वाचायचे ते सैन्याच्या हालचालींतून. लष्कराचे मथुरेचे १ कोअर (मोठी सैन्यरचना) वर्षानुवर्षे पाकिस्तानवर चाल करून जाण्यासाठी राखलेले. २०२० मध्ये गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर त्याचे तोंड लडाखकडे वळवले गेले.